जंगलाचा पडदा

पडदा उलगडला आणि नारळ धरलेला मालकांचा हात वरच थांबला.

आमच्या नाटक कंपनीची रीत अशी, की नवा पडदा पहिल्यांदा खाली सोडायचा तो दिवसाउजेडी, रिकाम्या थिएटरात. मालकांनी त्याच्यापुढं नारळ फोडायचा, पडदा रंगवणाऱ्याला धोतरजोडी द्यायची आणि आम्हा नटमंडळींना खोबऱ्याचा तुकडा. त्या सकाळी कराडला आम्ही सगळी त्या तुकड्याच्या आशेनंच जमलो होतो, खोटं कशाला बोलू. पडदा रंगवणाऱ्या केरबा जिनगरानं दोरी सोडली, खालचा बांबू गडगडत आला आणि कंपनीचं नवं जंगल आमच्यापुढं उभं राहिलं.

जंगलात एक पान नव्हतं.

सगळी झाडं कंबरेतून मोडलेली. नुसते काळे खुंट, टोकाशी चिरफाळलेले. जमीन राखेच्या रंगाची आणि आभाळ भांडी घासलेल्या पाण्यासारखं. आता नाटकातलं जंगल म्हणजे कसं असतं? वेली असतात, तळं असतं, तळ्यात कमळं असतात आणि दोन हरणं तर असतातच, त्यातलं एक मागं वळून बघणारं. सीतेचा वनवास असो की दमयंतीचा, तेच जंगल चालतं. हे बघून आमचा तबलजी माझ्या कानाशी म्हणाला, की उसाचा फड पेटवून दिल्यासारखा दिसतोय. मी त्याला कोपरानं ढोसून गप्प केलं.

मालकांनी नारळ खाली घेतला. मग म्हणाले, "हे कुठलं जंगल, केरबा?"

"तिकडचं, मालक."

मालकांनी नारळ पायपेटीवर ठेवला आणि पडद्याकडं पाठ करून ते रिकाम्या खुर्च्यांकडं बघत उभे राहिले. त्यानंतर त्यांनी मान म्हणून वळवली नाही.  तिकडं म्हणजे कुठं ते आम्हाला ठाऊक होतं, आणि तिकडून कोण परत आलं नव्हतं तेही.

आमचे मालक म्हणजे अनंतराव दिवटे. स्वतः गाणारे नट, आवाज पहाडी, आणि तापट तर असे की विडा तोंडात असेपर्यंतच समोरच्याची धडगत. त्यांचा एकुलता एक मुलगा दामू. मी मथुरा, कंपनीत सीता, दमयंती, लागेल ती नायिका व्हायचे. दामूला मी लहानाचा मोठा होताना बघितलं होतं. बापाचा आवाज त्याच्याकडं नव्हता, नटाचा धीटपणाही नव्हता. त्याला नाद एकच, केरबाचं काम. केरबा जमिनीवर कापड पसरून पडदे रंगवायचा आणि हा त्याच्याजवळ बसून रंगात कालवायचा सरस चुलीवर ढवळायचा. रंगाच्या बादल्या वाहून वाहून केरबाचा डावा खांदा पार खाली आलेला. दामू त्याच्या मागं तसाच खांदा पाडून चालायचा आणि आम्हाला हसवायचा.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत बोलपटांनी आमचं कंबरडं मोडलं. कंपनी बंद ठेवावी लागली. हात रिकामे, आणि गावोगाव पलटणीची भरती चाललेली. दामू कुणाला न सांगता नाव घालून आला आणि त्याला एकटा कसा सोडू म्हणून केरबा त्याच्या मागून गेला. मालकांनी मात्र मनात उलटंच धरलं, की केरबानं माझ्या पोराला नेलं. निघताना माईंनी, म्हणजे मालकांच्या बायकोनं, दामूच्या गळ्यात स्वतः विणलेला मफलर घातला. रंग असा पिवळाधमक की मी म्हटलं, माई, शत्रूला कोसावरून दिसेल हा. दामू हसला. मी तशी जीभ चालवणारी बाई, पण ते वाक्य आठवलं की आजही जीभ चावते.

इटलीतून तार आली तेव्हा आमची कंपनी पुन्हा उभी राहिली होती. मुक्काम इचलकरंजीला होता आणि रात्री दशरथाच्या पुत्रशोकाचा प्रयोग होता. मालकांनी तार वाचली, घडी करून कोटाच्या खिशात घातली आणि रंगायला बसले. त्या रात्री त्यांनी रामाच्या नावानं असा टाहो फोडला की लोकांनी वन्समोअर घेतला. त्यांनी दिलाही. प्रयोग संपल्यावर तोंडाचा रंग पुसता पुसता त्यांनी आम्हाला बोलावलं आणि सांगितलं, की दामू गेला, आणि यापुढं त्याचं नाव कंपनीत कुणी काढायचं नाही. स्वतःचा पोरगा गेला तेव्हा तो माणूस रडला नाही. दशरथ मात्र रोज रात्री रडायचा.

तारेत एवढंच होतं की लढताना पडला. कुठं पडला, मग त्याचं काय केलं, काही नाही. भटजी म्हणाले, देह नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो, शास्त्रात सोय आहे. मालक उसळले. म्हणाले, पोराला तिकडं कोल्ह्याकुत्र्यांनी खाल्लं की काय झालं ते ठाऊक नाही, आणि मी इथं गवताचं बाहुलं जाळू? क्रिया झाली नाही. श्राद्धपक्ष आला की मालक परगावचा मुक्काम काढायचे. आणि माई, बिचारी दिवसभर हूं की चूं करायची नाही, पण वेणी घालायला माझ्यापुढं बसली की एकच विचारायची.

"मथू, त्याला अग्नी मिळाला असेल का गं?"

मी म्हणायची, मिळाला असेल माई, सरकारची पलटण ती, बेवारशी थोडीच टाकतील? पण मला तरी काय ठाऊक? ठाऊक असलेला माणूस एकच, तो म्हणजे केरबा. तो लढाई संपल्यानंतर वर्षानं परत आला.

आला तो निराळाच माणूस. पूर्वी रंगवताना लावण्या म्हणायचा, आता तोंडातून शब्द निघायचा नाही. थिएटरात कुणी खुर्ची आपटली तर भिंतीला चिकटायचा. मालकांनी त्याला ठेवून घेतलं ते काही मायेनं नव्हे. पडदे पार विटले होते आणि तसा हात दुसरा कुणाचा नव्हता. ठेवतानाच बजावलं, की काम करायचं, तिकडचा विषय नाही. केरबानं मान डोलावली. मालकांच्या शब्दाबाहेर तो कधीच नव्हता.

माईंनी तरी एकदा त्याला स्वयंपाकघराच्या दारात गाठलंच. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. केरबा कसाबसा म्हणाला, "माई, जंगलाचा पडदा होऊ दे. मग सांगतो." माईंना तेवढंही पुष्कळ झालं. त्या पडद्याची वाट लग्नघरासारखी बघायला लागल्या.

पडदा रंगवायला केरबानं थिएटरामागची पत्र्याची शेड घेतली आणि दार लावून घेतलं. चहा घेऊन जायला मला तेवढी मुभा होती, पण कापडावर गोणपाट टाकलेलं असायचं. एकदा गेले तर सरसाच्या वासाऐवजी जवसाच्या तेलाचा वास. मी म्हटलं, अरे बाबा, पडद्याला तेल? आपले पडदे म्हणजे मांजरपाटावर सरसात कालवलेला रंग. गुंडाळायला मऊ, आणि चार-पाच वर्षांनी विटला की नदीत धुवायचा, त्याच कापडावर नवा काढायचा. राजवाडा धुऊन रस्ता, रस्ता धुऊन बाग, अशी आमची चैन. तेलाचा पडदा कडक होणार, गुंडाळताना मोडणार.

"मोडू दे, मथूताई," केरबा म्हणाला. "पण हा नदीत जायचा नाही."

त्या दिवशी तो जरा बोलता झाला. तिकडं त्यांच्या छावणीत एक गोरा कप्तान होता, रंगांची पेटी बाळगणारा. लढाई थांबली की बसायचा आणि मोडक्या झाडांची चित्रं काढायचा, चार काळ्या रेघा आणि झालं झाड. केरबा त्याला म्हणाला होता, साहेब, झाड असं नसतं, मी काढून दाखवतो. आणि त्यानं पानापानांचं आपलं नाटकातलं झाड काढून दाखवलं. कप्तानानं त्याची वाहवा केली. मग मोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं, की माझा गुरू याहून सुंदर काढायचा, पण आधीच्या लढाईत खंदकात राहून आला आणि पुन्हा त्याला पान काढता येईना. सुंदर काढलं की आपण खोटं बोलतोय असं त्याला वाटायचं. लोक हसले त्याला, वेडा म्हणाले. एकटा तोच नव्हे म्हणे, तिकडच्या कवींनासुद्धा यमक जुळवायची लाज वाटायला लागली होती.

"मला तेव्हा पटलं नाही," केरबा म्हणाला. "पटलं, पण मागनं."

मागनं म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. त्याच्या हातातली कपबशी तेवढी मी काढून घेतली.

पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या भाचीनं मला मुंबईत परदेशी चित्रांचं प्रदर्शन दाखवायला नेलं. एका दालनात नुसती मोडकी झाडं, तुकडे जोडल्यासारखे चेहरे, नुसतं तोंड उघडलेली माणसं. शेजारच्या दोघी हसत होत्या, की आमचा बंड्या याहून बरं काढतो. तिथला एक पोरगेला मास्तर समजावत होता, की पहिली मोठी लढाई झाली आणि गोड चित्रांवरचा, गोष्टींवरचा, ठेक्यातल्या कवितेवरचा या लोकांचा विश्वासच उडाला. मग चित्रंही मोडली आणि गोष्टीही तुकड्यातुकड्यांनी लिहायला लागले. भाची म्हणाली, मावशी, कंटाळलीस का? मी म्हटलं, नाही गं, हे मी बघितलंय आमच्या कराडला.

तर कराडच्या त्या सकाळी मालक पडद्याकडं पाठ करून उभे होते आणि आम्ही श्वास धरून. मी लांब, विंगेच्या तोंडाशी होते. थिएटरात उजेड बेताचा. सगळ्या त्या काळ्या-राखाडी पसाऱ्यात खाली डाव्या कोपऱ्यात तांबूस-पिवळं काहीतरी होतं, वितीएवढं. मला वाटलं, मावळता सूर्य असेल. आमच्या प्रत्येक पडद्यात कुठंतरी तो असायचाच.

मालक खुर्च्यांना सांगावं तसं सांगायला लागले. तुझा हात गेला केरबा, असं म्हणाले. लोक दोन घटका सुखाच्या बघायला येतात, त्यांना मी मसणवटा दाखवू? परवा प्रयोग आहे, परवापर्यंत या झाडांना पानं आली पाहिजेत, वेली, हरणं, सगळं आलं पाहिजे, आणि मग तू आपली वाट धर. आवाज चढला नव्हता, त्यामुळंच जास्त भीती वाटली.

केरबा एवढंच म्हणाला, की मालक, खाली तेल आहे, तेलावर सरसाचा रंग धरायचा नाही. मालक म्हणाले, माझे प्रयोग निघण्यापुरता धरला तरी बास.

मग केरबा थोडा पुढं झाला. त्या पडलेल्या डाव्या खांद्यानं त्यानं कोपऱ्याकडं नुसतं दाखवल्यासारखं केलं.

"मालक, हा कोपरा तेवढा ठेवू का?"

"बोटभर जागा ठेवायची नाही," मालक म्हणाले. त्यांची पाठ तशीच होती.

केरबा मालकांच्या पाठीकडं बघत राहिला. मग तो बादल्या आणायला गेला.

दोन दिवस तो पानं काढत होता. हात गेला म्हणे. असं जंगल मी आयुष्यात बघितलं नाही. प्रत्येक पान न्हाऊन आल्यासारखं. तळं आलं, कमळं आली, एक हरीण चरणारं आणि एक मागं वळून बघणारं. कोपरा त्यानं शेवटी घेतला. मी चहा घेऊन गेले तर तो तिथं उकिडवा बसला होता, कुंचला हातात, आणि रंग टपकून त्याच्या धोतरावर सांडत होता. मी हाक मारली तशी त्यानं सगळा कोपरा भराभर हिरव्या झुडपानं भरून टाकला आणि उठला.

त्या दिवशीच तो गेला. जाताना माझ्या पाया पडला, मी त्याच्याहून लहान असून. मी म्हटलं, अरे, माईंना भेटून तरी जा, त्या वाट बघतायत. पण माईंना त्या सकाळच्या आधीपासूनच विषमज्वर, बिऱ्हाडात कुणाला आत सोडत नव्हते, आणि दारात आरामखुर्ची टाकून मालक स्वतः बसलेले. केरबा म्हणाला, "मालकांनाच बघवलं नाही ते, मथूताई. माईंना कशाला दाखवू? राहू दे. बरोबरच आहे मालकांचं." मला वाटलं, हा त्या मोडक्या झाडांबद्दल बोलतोय. मीही म्हटलं, हो बाबा, बरोबरच आहे, लोकांना गोड लागतं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की काहीतरी चुकलं एवढं मला कळलं. काय, ते कळलं नाही.

माई पंधरवड्यानं उठल्या आणि काठी टेकत लगेच प्रयोगाला आल्या ती काय त्यांची उमेद. जंगलाचा पडदा खाली आला, तशी लोकांनी त्यालाच टाळी दिली. माईंनी मला आत येऊन विचारलं, केरबा कुठाय? मी सांगितलं. त्या पेटाऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे सांगण्यासारखं नव्हतं, मथू. सांगण्यासारखं असतं तर पळाला असता का तो?"

त्या दिवसापासून त्यांनी मला तो प्रश्न विचारला नाही. अग्नी मिळालाच नाही, असं त्यांनी धरून टाकलं. जेवायला बसल्या की पहिला घास दामूच्या नावानं बाजूला काढायच्या आणि तो कुत्र्याला घालायच्या. मी कधी अडवलं नाही, मालकांनीही नाही. तीन-चार वर्षं तशीच काढली आणि मग गेल्या. शेवटी शुद्ध नव्हती तेव्हा उघड्यावर आहे गं, उघड्यावर आहे, एवढंच म्हणत होत्या. मालक उशाशी होते. ज्याचं नाव काढायचं नाही त्याचंच चाललंय हे त्यांना कळत होतं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि त्यांच्यापुढं आमची काय टाप.

माई गेल्यावर मालकांचा आवाज बसला. दशरथ उभा राहायचा, पण टाहो फुटायचा नाही. कंपनी मोडली. मालक सांगलीला घर करून राहिले, मीही जवळच खोली घेतली. दोन वेळची पोळीभाजी मी न्यायची, माणूस उपाशी मरेल म्हणून. एका हिवाळ्यात त्यांनी ठरवलं, की अडगळीतले पडदे काढायचे आणि नदीत धुऊन कापड गावातल्या मुलींच्या शाळेला देऊन टाकायचं. तेवढं तरी कुणाच्या कामी येईल.

आम्ही परटाला घेऊन कृष्णेच्या घाटावर गेलो. मालक छत्री उघडून पायरीवर बसले. आधी राजवाडा पाण्यात घातला. खांब विरघळले, झुंबर वाहून गेलं, पाणी गुलाबी झालं. मग रस्ता गेला, मग बाग. बघवत नव्हतं, आमचं सगळं आयुष्य त्या कापडांपुढं गेलेलं. मी तोंडानं चालूच ठेवलं, की गेला बरं मालक तुमचा राजवाडा, आता कुठल्या महालात रागवाल. मालक हसलेसुद्धा.

शेवटी जंगल. हिरवं सुटायला वेळ लागला नाही, ढलप्याच निघाल्या. कमळं गेली, हरणं गेली. खाली काळं लागलं आणि परीट घासघासून दमला. म्हणाला, "बाई, हे निघत नाही. हे तेलाचं आहे." मी म्हटलं, राहू दे, वाळूवर पसर. त्यानं आणि त्याच्या भावानं तो पडदा वाळूवर उन्हात पसरला आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. डाव्या कोपऱ्यावर दगड ठेवायला मी वाकले आणि दगड माझ्या हातातच राहिला.

सूर्य नव्हता तो. लाकडं होती. आपण रचतो तशी रचलेली, आडवी-उभी, नीट, त्याच मोडक्या झाडांची. त्यांना खालून जाळ लागलेला. सगळ्या पडद्यात एवढाच काय तो ऊबदार रंग. बाजूच्या खुंटावर एक मफलर टांगलेला, पिवळाधमक. आणि चितेभोवती फेरी घालणारा एक माणूस, आपल्याकडं पाठ केलेला. खांद्यावर मडकं धरतात तसं त्यानं काहीतरी धरलं होतं आणि त्याच्यातून पाण्याची बारीक धार गळत होती. डावा खांदा पार खाली आलेला.

मी पायरीपर्यंत आले. म्हटलं, मालक, उठा, मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता उठले. नजर अधू झाली होती. वाळूत गुडघे टेकले, मग दोन्ही हात टेकले आणि कापडाला नाक लागेल इतके खाली वाकले.

मग त्यांनी बोट ठेवलं. "हा मफलर आहे?"

"माईंनी विणलेला."

"आणि हे मडकं?"

"मडकं नाही, मालक. शिपायांचा लोखंडी टोप आहे. भोक पाडलंय त्याला. मडकं कुठनं मिळणार तिथं?"

"हा केरबा," ते म्हणाले.

"हो."

मालकांचे ओठ हलले. मला वाटलं आता दशरथाचं पद म्हणतील, इतकी वर्षं तोच त्यांचा टाहो. पण सूर लागला नाही आणि त्यांनी तो लावायचा प्रयत्नही केला नाही. घरात माणूस माणसाशी बोलतो तसं, साध्या आवाजात म्हणाले, "दामू, अग्नी मिळाला रे तुला. केरबानं दिला." आणि मग रडले. मी त्यांना पहिल्यांदा रडताना ऐकलं. रंगमंचावरच्यासारखं काही नव्हतं त्यात. नाक वाहत होतं, श्वास अडकत होता, मधेच खोकला येत होता. परीट आणि त्याचा भाऊ लांब जाऊन बसले.

मला माई आठवत होत्या, आणि तो बाजूला काढलेला घास. मालकांनाही तेच आठवत असावं, कारण शांत झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा तेच काढलं. म्हणाले, ती हे न बघता गेली. मग विचारलं, "केरबा कुठं असतो आता? आपण जाऊ त्याच्याकडं. आजच जाऊ."

मला सांगावंच लागलं. तो हुबळीला सिनेमाचे फलक रंगवायचा आणि परसालच छातीच्या दुखण्यानं गेला. आमच्या तबलजीनं मला कळवलं होतं. मी मालकांना बोलले नव्हते, कारण तिकडच्या माणसांचा विषय काढायचा नाही, हे अंगात इतकं मुरलं होतं.

मालक त्या कोपऱ्याजवळ तसेच बसून राहिले. उन्हं डोक्यावर आली तशी मी छत्री नेऊन त्यांच्यावर धरली. त्यांनी ती पडद्याच्या कोपऱ्याकडं सरकवली.

"मथू," ते म्हणाले, "त्यानं मला विचारलं होतं गं. हा कोपरा ठेवू का, म्हणून विचारलं होतं."

"हो, मालक."

"आणि मी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही."

 ऊन उतरल्यावर आम्ही पडदा उचलला. मालकांनी सांगितलं, की हा शाळेला द्यायचा नाही आणि परत रंगवायचाही नाही. तो गुंडाळायला आम्ही चौघं लागलो, पण तेलाचा असल्यानं उन्हात वाळून आणखी कडक झाला होता, घड्या पडत होत्या. शेवटी तसाच उघडा, चारी कोपरे धरून, घाटाच्या पायऱ्या चढून घरी आणला.